स्लीव्हनंतर वजन परत आलंय, दुसरं ऑपरेशन करावं का?

टिळकवाडी_ताई
नमस्कार मंडळी. माझी उंची पाच फूट तीन इंच. २०१९ साली पुण्यात स्लीव्हचं (जठर कापून लहान करायचं) ऑपरेशन केलं तेव्हा वजन ११८ किलो होतं. दीड वर्षात ७६ पर्यंत उतरलं, शुगरच्या गोळ्याही सुटल्या. नंतर हळूहळू चढायला लागलं. आता १०१ आहे आणि शुगर परत आली आहे. त्याहून मोठा त्रास ॲसिडिटीचा. रात्री दोन उशा घेऊन झोपले तरी घशाशी आंबट येतं, अभ्र्यावर पिवळे डाग पडतात. गोळी चुकली की सकाळी आवाज बसलेला. मी शाळेत शिकवते, आवाजाशिवाय माझं चालत नाही.

इथल्या सर्जननी स्लीव्हचं बायपास करून घ्या, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची, असं सुचवलंय. घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो करू. सासूबाई म्हणतात, एकदा पोट कापून घेतलंस ते पुरे नाही झालं का? बहीण म्हणते आता वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत, ती घे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागात कुणी रिव्हिजन, म्हणजे असं दुसरं ऑपरेशन, केलंय का? वजन किती उतरलं, किती टिकलं, त्रास काय झाला ते मोकळेपणानं सांगा. 'तोंडाला कुलूप लाव' हा सल्ला भरपूर मिळालाय, तेवढा सोडून.

निपाणीचा_बाळू
ताई, माझ्या मेव्हण्यानं इंजेक्शन चालू केलंय. आठवड्याला एक, पोटावर टोचायचं. भूकच लागत नाही म्हणतोय. परत कापाकापी कशाला?

खडेबाजार_काकू
तू नको म्हणालीस तरी लिहिते, पोटच्या पोरीला सांगितलं असतं तसंच. ऑपरेशन करूनही वजन परत आलं, तर दुसरं केल्यावर येणार नाही कशावरून? रोज सकाळी वॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरून ये, संध्याकाळी दिवेलागणीला जेव, भाकरी-आमटी खा. बेकरीचं बंद कर. हे वर्षभर करून बघ, मग ऑपरेशनचा विचार कर.

उचगावकर
काकूंशी सहमत.

शहापूर_सिस्टर
काकू, तुमची माया कळते, पण इथं मला बोलायलाच पाहिजे. मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. वजन परत आलेली माणसं तोंड लपवत येतात. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच 'माझंच चुकलं' म्हणून रडायला लागतात. आणि तपासण्या केल्यावर कारण भलतंच निघतं.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी राहते. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून पहिली एक-दोन वर्षं भूक मरते. पुढे शरीर जुळवून घेतं. वजन उतरलं की शरीराला लागणाऱ्या कॅलरीही कमी होतात आणि भूक वाढवणारी यंत्रणा जागी होते. हे सगळ्यांच्या शरीरात होतं, आळशी माणसाच्याच असं नाही. सगळ्यात कमी वजन साधारण एक ते दोन वर्षांत येतं आणि त्यानंतर थोडं चढणं नेहमीचंच. ताईंचं ४२ किलो उतरून २५ परत आलंय. हे थोडं नाही, म्हणून कारण शोधायचंच.

कारणं कुठली? नळी ताणून मोठी झालेली असू शकते, किंवा पहिल्याच वेळी वरचा भाग जास्त राहिलेला असू शकतो. थायरॉइड बिघडलेलं असू शकतं. दुसऱ्या आजारासाठी स्टिरॉइड, इन्सुलिन, नैराश्याच्या किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांनीही वजन वाढतं. मग खाण्याची पद्धत. नळीला एका वेळी जास्त जेवण चालत नाही, पण दिवसभर थोडं थोडं, चहा-खारी, सरबत, आइस्क्रीम सहज उतरतं. पोट भरल्याचं कळत नाही आणि कॅलरी मात्र साचत जातात.

तर ताई, ऑपरेशन करू की नको हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, वजन का आलं? एंडोस्कोपी झाली का? बेरियम पाजून एक्सरे काढला का? टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी१२, फेरिटिन (लोहाचा साठा), डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) हे सगळं अलीकडे केलंय का?

टिळकवाडी_ताई
सिस्टर, वाचून रडूच आलं. एंडोस्कोपी झालेली नाही. सोनोग्राफी आणि शुगर एवढंच झालंय. बी१२ ची गोळी पहिली दोन वर्षं घेतली, मग कुणी विचारलंच नाही. चहा-खारी तर आमच्या स्टाफरूममध्ये दर ऑफ पिरियडला असतेच.

शहापूर_सिस्टर
मग एंडोस्कोपीशिवाय तारीख घेऊ नका. तुमचा ॲसिडिटीचा त्रास मला वजनाइतकाच महत्त्वाचा वाटतोय.

चिकोडी_सर
मी करून घेतलंय, म्हणून सविस्तर लिहितो. माझं पण स्लीव्ह होतं आणि माझंही मुख्य कारण ॲसिडिटीच. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला खालच्या बाजूला जखमा दिसल्या, वर छोटा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) निघाला. सर्जन म्हणाले, स्लीव्हच्या आत दाब जास्त असतो, त्यामुळे ॲसिड वर चढतं. गोळ्या किती वाढवायच्या? बायपास केला, त्याच वेळी हर्नियाही दुरुस्त केला.

आता खरं सांगतो. ॲसिडिटी गेली, पूर्ण गेली. आडवं होऊन झोपायला लागलो. वजन मात्र पहिल्या वेळेइतकं उतरलं नाही. हे मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं म्हणून वाईट वाटलं नाही. दुसऱ्या वेळी वजन कमीच उतरतं, ते धरून चाला.

ऑपरेशन पहिल्यापेक्षा लांबलं. आत आतडी आणि यकृत जुन्या टाक्यांना चिकटलेली असतात, ती सोडवत जायला लागतं. उसवून शिवलेल्या कापडावर परत टाका घालायचा म्हटल्यावर शिंपीसुद्धा दहा वेळा बघतो, तसंच ते. म्हणून सर्जनला थेट विचारा, 'तुम्ही रिव्हिजन किती केल्यात?' विचारायला लाजू नका. चांगला सर्जन रागावत नाही.

आणि गोड. बायपासनंतर पुतणीच्या साखरपुड्याला कुंदा आला. दोनच चमचे खाल्ले. पंधरा मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, हातापायातलं बळ गेलं. मांडवाच्या मागं चटईवर आडवा पडलो, पाहुणे म्हणतात सरांना ॲटॅक आला. डंपिंग म्हणतात त्याला. साखर एकदम आतड्यात उतरल्यामुळे होतं. अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटलं, पण तेव्हापासून कुंद्याला लांबूनच नमस्कार.

निपाणीचा_बाळू
बेळगावात राहून कुंद्याला लांबून नमस्कार! सर, तुमचा सत्कार करायला पाहिजे.

गोकाकचा_पाहुणा
सत्काराला करदंट मी आणतो. नको, त्यात गूळ असतोय. नारळच देऊया.

खानापूर_रोड
चेष्टा चालू आहे ती चालू द्या, पण दुसरी बाजूही यायला पाहिजे. माझ्या थोरल्या भावाची रिव्हिजन झाली. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी नाडी वाढली, ताप आला, डाव्या खांद्यात दुखायला लागलं. गॅस आहे म्हणून एक रात्र तशीच काढली. सकाळी सीटी स्कॅन केला तर जोडापाशी गळती. परत ऑपरेशन, आयसीयू, नळ्या. वाचला, आज शेतावर जातोय, पण घरादारानं जे भोगलं ते शब्दांत येत नाही.

कुणाला घाबरवायचं नाही. पण 'दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, तिसऱ्या दिवशी घरी' एवढ्यावर सही करू नका. गळती, रक्तस्राव, जोड आखडणं हे धोके दुसऱ्या वेळी जास्त असतात. घरी आल्यावर नाडी विनाकारण जोरात धावायला लागली, धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही.

शहापूर_सिस्टर
दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वाढलेली नाडी ही बऱ्याचदा गळतीची पहिली खूण असते, तापाच्याही आधी. आम्ही वॉर्डात तीच धरून बसतो. घरच्यांनीही नाडी मोजायला शिकून घ्यावी.

कॅम्प_मेडिकल
इंजेक्शनांबद्दल मी लिहितो, रोज काउंटरवर हाच विषय असतो. टिर्झेपॅटाइड, म्हणजे मौंजारो, भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं वेगोवी जून २०२५ मध्ये. काम करतात, यात वाद नाही. २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात सेमाग्लुटाइडवर ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं. टिर्झेपॅटाइडच्या वरच्या डोसवर ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास, तो अभ्यास २०२२ चा. पण ही माणसं आधी ऑपरेशन न झालेली. ऑपरेशननंतर वजन नीट न उतरलेल्यांवर लिराग्लुटाइड हे त्याच जातीचं औषध वापरून बघितलेला एक छोटा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात २४ आठवड्यांत साधारण ९ टक्के वजन उतरलं. म्हणजे ऑपरेशन झालेल्यांनाही औषध लागू पडतं.

पण बाळूभाऊ, तीन गोष्टी. बंद केलं की बरंचसं वजन परत येतं, म्हणजे खर्च कायमचा धरायचा. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कॅन्सर झाला असेल तर घ्यायचं नाही. आणि ताईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं, ही औषधं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. ज्याला आधीच रात्री आंबट वर येतंय त्याचा त्रास वाढू शकतो. मेव्हण्याला लागू पडलं म्हणून चिठ्ठीशिवाय मागायला येऊ नका, मी देत नाही.

निपाणीचा_बाळू
बरोबर आहे. मला ॲसिडिटीचं लक्षातच आलं नव्हतं.

हुबळीचा_पीजी
सर्जरीत शिकतोय, म्हणून थोडी भर. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना करणारा अभ्यास झाला, त्याचे १० वर्षांचे निकाल २०२२ मध्ये आले. १० वर्षांनी एंडोस्कोपीत अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांमध्ये ३१ टक्के जणांना होती, बायपासवाल्यांमध्ये ७ टक्के. त्यामुळे स्लीव्हनंतर जोरदार ॲसिडिटी असेल तर बायपासमध्ये बदल करणं हा मान्य उपाय आहे.

आता यातली बारीक गोष्ट. बायपासचे दोन प्रकार जास्त चालतात. एक वाय आकाराचा, दोन जोडांचा. दुसरा एकाच जोडाचा, ज्याला मिनी म्हणतात. एकजोडाच्या प्रकारात पित्त वर यायची शक्यता असते. ज्याचं कारणच ॲसिड वर येणं आहे त्याला सहसा वाय आकाराचा सुचवतात. ताईंनी डॉक्टरांना 'कुठला बायपास आणि तोच का?' हे विचारावं. वजन हे एकच कारण असेल आणि नळी नॉर्मल दिसली, तर बरेच जण आधी आहार आणि औषधाचा रस्ता धरतात. ताईंच्या बाबतीत तीन कारणं एकत्र आहेत, वजन, शुगर आणि ॲसिड. म्हणून त्यांचा विचार वेगळा.

अथणीची_वैनी
मला एक विचारायचंय. मी तिशीत आहे, स्लीव्ह होऊन वर्ष झालं. दिवस राहिले तर चालतंय का?

शहापूर_सिस्टर
वैनी, साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, वजन स्थिर होईपर्यंत. आणि दिवस राहण्याआधी लोह, फॉलिक ॲसिड, बी१२ तपासून घ्या. एक सांभाळा, वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहतात. तोपर्यंत काळजी घ्या. वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर लिहिते.

येळ्ळूर_गल्ली
खर्चाचं कुणी बोलायलाच तयार नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली म्हणून जाहीर केलं. त्यात हे बसतंय काय?

विमा_काका
योजनेत उपचारांची ठरलेली यादी असते. वजनाचं ऑपरेशन, त्यातही दुसऱ्यांदा केलेलं, गृहीत धरून गाडी काढू नका. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला ऑपरेशनचं नाव दाखवून विचारा.

खाजगी विम्याचं सांगतो. पॉलिसीत वजनाच्या उपचारांची अट सगळीकडे एकसारखी असते, ती विमा नियामकानं ठरवून दिलेली. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त. नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा टाइप टू मधुमेह असा आजार, आणि साधे उपाय करून उपयोग न झालेला. ताईंचा बीएमआय साडेएकोणचाळीसच्या आसपास येतो. म्हणजे शुगरचे कागद महत्त्वाचे. औषधं घेऊनही शुगर का आवरत नाही हे डॉक्टरांच्या पत्रात नीट लिहिलेलं पाहिजे. भरती होण्याआधी कंपनीची लेखी मंजुरी घ्या, तोंडी 'होऊन जाईल' वर विसंबू नका.

टिळकवाडी_ताई
काका, हे माहीतच नव्हतं. शुगरचे सगळे रिपोर्ट आजच फाइलला लावते. अजून एक विचारते. काही जण म्हणतात कोल्हापूरला जा, काही जण पुण्याला, काही जण इथंच. तुम्ही असता तर कुठं केलं असतं?

खानापूर_रोड
ज्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजता तासाभराच्या आत पोचता येईल तिथं. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. भावाच्या वेळी आम्ही गावातून बेळगावात आलो तेवढाच वेळ जन्मभराचा वाटला.

कंग्राळीकर
माझं मत वेगळं आहे. भाषा पण बघा. माझ्या आईच्या पित्ताशयाच्या वेळी संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता, आई दोन्ही वाचत नाही. गडबडीत अंगठा घेतला. कोल्हापुरात निदान काय लिहिलंय ते तिला कळलं असतं.

शहापूर_सिस्टर
हा मुद्दा खरा आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बेळगावात बहुतेक डॉक्टर मराठी बोलतात, सिस्टर तर बोलतातच. कागद मराठीत नसला तरी समजावून सांगा म्हणणं हा पेशंटचा हक्क आहे. एकेक ओळ वाचून घ्या, मगच सही. त्यासाठी आम्ही थांबतो. थांबलंच पाहिजे.

चिकोडी_सर
आणि निपाणीकरांनी वाचावं अशी गोष्ट. बायपासनंतर तंबाखू, विडी, सिगारेट पूर्ण बंद. जोडापाशी अल्सर होतो, तो फुटू शकतो. आमच्या भागात तंबाखूच्या वखारीत काम करणारे किती आहेत, तंबाखूची धूळ नाकातोंडात जातेच, वर मळून खातात. तसंच गुडघेदुखीच्या गोळ्या. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक मनानं घ्यायच्या नाहीत, त्यांनीही अल्सर होतो. ऑपरेशन झालंय हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचं, दाताच्यासुद्धा.

बी१२, लोह, कॅल्शियम, डी जन्मभर. बायपासमध्ये जठराची तीसेक मिलीची पिशवी उरते आणि अन्न आतड्याचा पहिला भाग वगळून पुढं जातं. लोह आणि कॅल्शियम तिथंच जास्त शोषलं जातं, म्हणून गोळ्या चुकवून चालत नाही. उलट्या चालू राहिल्या तर बी१ कमी होऊन नसांवर, मेंदूवर परिणाम होतो. उलटी अंगावर काढू नका.

खडेबाजार_काकू
सगळं वाचलं. ॲसिड वर येऊन अन्ननलिकेला जखमा होतात हे मला माहीत नव्हतं. तपासण्या कर बाई, उशीर करू नको. पण चालणं सोडायचं नाही हे माझं म्हणणं कायम. सर, तुम्ही चालता की नाही?

चिकोडी_सर
काकू, रोज. आणि घरी पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायाम करतो. वजन उतरताना स्नायूही उतरतात, म्हणून हातापायाला जोर देणारा व्यायाम लागतोच. जेवताना आधी प्रथिनं. सकाळी अंडी, दुपारी मटकी नाहीतर चवळी, बाजारात मिळाला की बांगडा. भाकरी शेवटी, तीही चतकोर. जेवताना पाणी नाही. आहारतज्ज्ञांनी दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं सांगितलीत, ती नुसत्या आमटीतून भरत नाहीत.

खडेबाजार_काकू
बांगड्याचं कालवण मी करून देते, पोरी. येऊन घेऊन जा.

टिळकवाडी_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. घरात बसून ठरवलं ते सांगते. पुण्याच्या हॉस्पिटलातून जुन्या ऑपरेशनचे कागद मागवलेत, नळी किती रुंद ठेवली होती ते त्यात असेल. एंडोस्कोपी गुरुवारी, बेरियम पुढच्या आठवड्यात, रक्ताच्या सगळ्या तपासण्या उद्या. थायरॉइड बिघडलेलं निघालं तर आधी ते. अन्ननलिकेला जखमा असतील तर बायपास करायचा, वजन फार उतरलं नाही तरी चालेल. मला माझा आवाज आणि झोप हवी आहे. जखमा नसतील तर आहारतज्ज्ञ आणि औषधाचा विचार, तोही डॉक्टरांशी बोलून. सासूबाईंना सरांची पोस्ट वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, 'मग आधी दुर्बीण घालून बघू देत.'

सिस्टर, एंडोस्कोपीला जाताना काय पाळायचं?

शहापूर_सिस्टर
रात्री हलकं जेवा, त्यानंतर तिथं सांगतील तेवढे तास पोटात काही नको, सहसा सहा ते आठ तास. शुगरची गोळी उपाशीपोटी घेऊ नका, सकाळच्या डोसचं काय करायचं ते आदल्या दिवशीच फोन करून विचारा. स्लीव्ह झालंय हे आत जायच्या आधी सांगा. भुलीचं इंजेक्शन घेतलंत तर स्कूटी घरी ठेवा, नवऱ्याला सोबत न्या. आणि रिपोर्टची छापील प्रत मागून घ्या, नुसतं तोंडी ऐकून येऊ नका.